सांगत्ये ऐका

मराठी चित्रपटांतील अभिनेत्री व नर्तिका हंसा वाडकर (१९२३–७१) यांचे आत्मकथन. त्यांनी सांगितलेल्या आठवणी पत्रकार अरुण साधू यांनी शब्दबद्ध केल्या. आधी ‘माणूस’ या नियतकालिकातून वाचकांपुढे आलेले हे कथन १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपात काढले. पुस्तकाला नाव मिळाले ते अनंत माने यांच्या १९५९ मधील चित्रपटाचे. हंसाबाईंची प्रमुख भूमिका असलेला हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला होता.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. घराण्याला कलावंतिणींची परंपरा होती आणि घरात पैशाची ओढाताण. त्यामुळे कोवळ्या वयातच त्यांना चित्रपटांत उभे राहावे लागले. ‘विजयाची लग्ने’ हा त्यांचा चित्रपट १९३६ चा. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (१९३९), प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) असे चित्रपट मिळत गेले. राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’तील (१९४७) बया या नर्तिकेच्या भूमिकेने मात्र त्यांना अफाट लोकप्रियता दिली. पुढच्या तमाशापटांची वाट याच चित्रपटाने रुंद केली.

पुस्तकाचा भर या यशावर नाही. जगन्नाथ बांदरकरांशी लग्न झाल्यावर काम सोडून संसार करावा, ही हंसाबाईंची मनापासूनची इच्छा होती. पण घर त्यांच्याच कमाईवर चालत होते. मिळवती बाई असूनही स्वतःच्या पैशावर, कामावर, मातृत्वावरही आपला ताबा नव्हता, हे त्या तपशिलाने सांगतात. घर सोडून मराठवाड्यातील एका गावात, आधीच विवाहित असलेल्या पुरुषाच्या घरी काढलेला काळ, तिथली बंधने, सुटकेच्या वाटेवर एका अधिकाऱ्याने केलेला अत्याचार आणि दारूचे व्यसन हे सारे त्यांनी उघडपणे मांडले. त्या काळी नटीने असे बोलणे धाडसाचेच होते. तरी त्याहून मोलाचा आहे तो सूर. त्यात दयेची याचना नाही, स्वतःच्या वागण्याचे समर्थनही नाही. वाक्ये छोटी, बोलण्यातली. आठवेल तसा प्रसंग पुढेमागे होतो. साधूंनी त्यावर साहित्यिक मुलामा चढवला नाही, ही शब्दांकनकार म्हणून त्यांची मोठी कामगिरी.

पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी हंसाबाईंचे निधन झाले. जसबीर जैन व शोभा शिंदे यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. श्याम बेनेगल यांचा हिंदी चित्रपट ‘भूमिका’ (१९७७) याच आत्मकथनावर आधारलेला आहे. त्यात नायिकेचे नाव उषा असून ती भूमिका स्मिता पाटील यांनी केली. या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर बेनेगल, सत्यदेव दुबे व गिरीश कार्नाड यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.