४४,१०० हा आकडा आला कुठून?

सीडीवरच्या गाण्यात सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात. माणसाला ऐकू येतं साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजमापं पुरतात. मग सरळ ४४,००० का नाही? कारण १९७० च्या दशकात एवढा डेटा मावायचा तो व्हिडिओ टेपवर. टीव्हीच्या चित्राच्या एका ओळीत ३ मोजमापं, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. करा गुणाकार! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, ती हाच आकडा घेऊन. टेप गेली, सीडीही चालली, पण आकडा आजही तुमच्या फोनमध्ये आहे. मी ९६ किलोहर्ट्झच्या नादात बरेच पैसे घातले. डोळे मिटून ऐकलं, तर फरक सांगता येईना. तेव्हा खर्चाआधी एकदा कानांना विचारा!