जात छापली, नाव नाही

आयुर्वेदाचं नाव निघालं की छाती फुगवणारे पुष्कळ. आमच्या शुक्रवार पेठेतही आहेत. सुश्रुताने जखमेवर साठ उपाय सांगितले, म्हणतात. खरं आहे. मेलेलं मांस कापून, खरवडून, क्षार लावून काढायचं. जळवा लावून नासकं रक्त ओढायचं. तीळ-कडुनिंबाचा लेप मधातून लावून जखम साफ करायची, तुपातून लावून भरून आणायची. हे मी नाकारत नाही. मी विचारतो, हे करणारे हात कुणाचे?

सुश्रुत शिष्याला सांगतो : खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर कर, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावरावर. प्रेत सात रात्री पाण्यात कुजवून आतलं शरीर बघ. आणि बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली ती मनुस्मृती वैद्याच्या अन्नाला पू म्हणते! कातडं, ढोर, प्रेत यांना हात लावील तो बाटला. पोथी वर राहिली, चाकू खाली उतरला.

किती खाली, ते पुण्यात बघा. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवाला कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं, एक हात तोडला. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याचं माप कपाळावर आखायचं, तेवढी कातडी सोडवायची, दोन डोळ्यांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवायची. त्या पट्टीतून रक्त येत राहतं, म्हणून मांस मरत नाही. वर पाण्यात कालवलेल्या काताची फडकी, चार दिवसांनी तुपात भिजवलेली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापायची. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी बघितलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच नाक केलं.

कावसजीचं नाव छापलं. डॉक्टरांची छापली. कार्प्यूचं तर वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं. नाक करणाऱ्याची फक्त जात छापली. तो अस्पृश्य नव्हता, शूद्र होता. त्याची ही गत, तर ढोर ओढून कातडं सोलणाऱ्या आपल्या बापजाद्यांना शीर न् स्नायू किती कळत होते, कोण लिहिणार?

तेव्हा साखरेच्या आजाऱ्याचं बोट काळं पडलं तर पोथीच्या अभिमानात लेप थापत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि वहीपेन्सिल घेऊन कुंभारवाड्यात, ढोरवाड्यात, आपल्या वस्तीत जा. हाड कोण बसवायचं, गळू कोण फोडायचं, बाळंतपण कोण करायचं, म्हाताऱ्यांना विचारा. जात मागाहून लिहा. आधी नाव लिहा.