सूर्यफुलांच्या इमारतीतील माणसे

जर्मनीच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राकाठी, रोस्टॉक नावाचे बंदर आहे. त्याच्या लिश्टेनहागेन या उपनगरातील एका उंच इमारतीच्या भिंतीवर मोठी सूर्यफुले आहेत. लोक तिला त्याच नावाने ओळखतात. २४ ऑगस्ट १९९२ च्या रात्री जमावाने ती पेटवली. आत शंभराहून अधिक व्हिएतनामी स्त्री-पुरुष आणि मुले होती.

ही माणसे तेथे चोरवाटेने आली नव्हती. पूर्व जर्मनीच्या कारखान्यांना हात हवे होते आणि युद्धाने खिळखिळ्या झालेल्या व्हिएतनामला आपल्या तरुणांसाठी काम. दोन्ही सरकारांनी १९८० मध्ये करार केला. बर्लिनची भिंत कोसळली तेव्हा असे सुमारे साठ हजार कामगार पूर्व जर्मनीत होते. भाषणांतून समाजवादी बंधुत्वाचा गजर चाले. प्रत्यक्षात वसतिगृहात माणशी पाच चौरस मीटर जागा, भेटायला येणाऱ्याची दारावर नोंद, आणि पगारातून मायदेशासाठी सक्तीची कपात. स्त्री गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचे विमान! हा नियम १९८९ पर्यंत टिकला.

शेजाऱ्यांशी ओळख व्हावी अशी सोयच नव्हती. तरी रात्री खोलीत शिवलेल्या जीन्स विकत घ्यायला हेच शेजारी येत. दुकानात शिलाई यंत्रे, मोपेड संपल्या की हेच लोक ‘यांनीच सगळे उचलले’ म्हणून कुरकुरत. तुच्छतेने त्यांना ‘फिजी’ म्हणत. फिजी बेटांचा आणि त्यांचा काय संबंध, हे विचारण्याच्या फंदात कोण पडतो?

एकीकरणानंतर कारखाने बंद पडले. जर्मन कामगारही बेकार झाले, पण परक्यांना प्रथम काढले गेले. लिश्टेनहागेनमध्ये मूळ राग होता तो आश्रय मागायला आलेल्या, बहुतांशी रुमानियातून आलेल्या, रोमा कुटुंबांवर. त्यांची नोंदणी कचेरी याच इमारतीत होती. आत जागा नाही म्हणून ती कुटुंबे बाहेर गवतावर झोपत, आणि प्रशासन पाहत राहिले. अखेर २४ तारखेला त्यांना हलवले. राग मात्र हलला नाही; तो शेजारच्या दाराकडे, वर्षानुवर्षे तेथे राहणाऱ्या व्हिएतनामींकडे वळला. पोलीस मागे हटले. हजारो माणसे बघत होती, टाळ्या वाजवत होती. मला दगड मारणाऱ्यांपेक्षा या टाळ्या अधिक भयंकर वाटतात. आतली माणसे कुलपे फोडून गच्चीवरून निसटली, म्हणूनच कोणी दगावले नाही.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, जर्मनीने घटना दुरुस्त करून आश्रयाचा हक्क आखडला. व्हिएतनामी कामगारांना राहू दिले, पण स्वतःची कमाई आणि घर दाखवण्याच्या अटीवर. मग कोणी फुलांचा ठेला लावला, कोणी भाजीचे दुकान टाकले. वाचलेल्यांपैकी काहींनी रोस्टॉकमध्ये ‘दिएन होंग’ नावाची संस्था काढली, आणि तिच्यात जर्मन भाषेचे वर्ग सुरू केले.