भाटघरची भिंत आणि सक्खरचा बांध

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण तालुक्याच्या शाळेत शिक्षकाला विषय निवडायची चैन नसते. इतिहासाचे सर लांबच्या रजेवर गेले की त्यांचे तास माझ्या वेळापत्रकात येऊन बसतात. तसेच एकदा आठवीचे तास आले आणि धडा निघाला स्वातंत्र्यप्राप्तीचा. फाळणी आली म्हणजे पाकिस्तान आला. म्हटलं, शिकवण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते तरी बघू. प्रत्येकाला कोरा कागद दिला. पाकिस्तानबद्दल जे माहीत आहे ते लिहा, नाव घालू नका, दहा मिनिटं.

तीसेक कागद आले. ते मी घरी नेऊन रात्री वाचले. क्रिकेट जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं. अतिरेकी, बॉम्ब, बॉर्डर हेही होतं आणि त्यात नवल नाही, बातम्या तीही बघतात. राजधानी कुणी लाहोर लिहिली होती, कुणी कराची. एकानं लिहिलं होतं, बांगलादेश हे पाकिस्तानचं जुनं नाव. तिथे एकही हिंदू उरलेला नाही, असं बऱ्याच जणांनी खात्रीनं लिहिलं होतं. एका कागदावर होतं, 'पाकिस्तानात उर्दू बोलतात. आपले सर पण बोलतात.' यावर मी आधी हसलो आणि मग जरा वेळ तसाच बसलो.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच वाक्यांनी. 'अफजलखान पाकिस्तानातून आला होता.' 'शिवाजी महाराजांनी पाकिस्तानला हरवले.' 'औरंगजेब पाकिस्तानचा राजा होता.' एकदोन कागद असते तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. सात-आठ होते. आणि ही मुलं कुठली? कुणाच्या खिडकीतून रोहिडा दिसतो, कुणी वेल्ह्याकडून मामाकडे शिकायला आलेला, ज्याच्या गावावर तोरण्याची सावली पडते.

एक कागद मी अक्षरावरून ओळखला. वर्गातल्या आमच्या मोजक्या मुसलमान पोरांपैकी एकाचा. त्यानं एकच ओळ लिहिली होती. 'मला काही माहीत नाही, पण सगळे मलाच विचारतात.'

दुसऱ्या दिवशी मी धडा उघडलाच नाही. फळ्यावर दोन साल लिहिली, १६५९ आणि १९४७, आणि वजाबाकी करायला सांगितली. २८८. प्रतापगडाखाली अफजलखान पडला ती १० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट. पाकिस्तान हे नाव छापील कागदावर आलं १९३३ मध्ये, केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांच्या पत्रकात. देश झाला १४ ऑगस्ट १९४७ ला. जो देश नव्हताच, तिथून खान येणार कसा? मुलांना हे गणितासारखं पटलं. मग विचारलं, खान आला कुठून? विजापूरहून, हे एकीनं सांगितलं. विजापूर कुठे? इथे वर्गाचे दोन तट पडले. निम्म्या वर्गाला ते पाकिस्तानात वाटत होतं. कर्नाटकात आहे, सोलापूरहून दोनेक तासांचा रस्ता, हे ऐकून काहींना खरंच धक्का बसला. आणि खान त्याआधी वाईचा सुभेदार होता. वाई म्हणजे आपल्या भोरवरून मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे उतरलं की येते ती. म्हणजे खान 'तिकडून' आलेला नव्हता, तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कारभार करत होता. औरंगजेबाचा जन्म गुजरातेत दाहोदला, कबर आपल्याच महाराष्ट्रात खुलताबादला.

दोष पाठ्यपुस्तकाचा, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी चौथीचं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. त्यात आदिलशाही स्वच्छ लिहिली आहे, विजापूरही लिहिलं आहे. पुस्तक असं कुठे म्हणत नाही. पण चौथी आणि आठवी यांच्यामध्ये चार वर्षं आहेत, आणि त्या चार वर्षांत मोबाइल शिकवतो. त्यात मिरवणुकीतली गाणी, कट्ट्यावरच्या गप्पा. आठवीपर्यंत पोराच्या डोक्यात आदिलशहा, औरंगजेब आणि पाकिस्तान यांचा एकच माणूस झालेला असतो. त्याला दाढी असते, आणि तो वर्गातल्या एखाद्या पोरासारखा दिसतो.

माझंही काही वेगळं नव्हतं, हेही सांगून टाकतो. बी.एड.च्या सराव पाठात मी 'मुघलांच्या ताब्यातला तोरणा' असं ठणकावून म्हणालो होतो. पाठ बघायला बसलेल्या बाईंनी वहीत ते वाक्य तांबड्या शाईनं गोल केलं आणि खाली एकच शब्द लिहिला, आदिलशाही. त्या वयात मलाही सगळे सुलतान एकाच घरातले वाटत. मुसलमानाच्या घरात जन्मलो म्हणून इतिहास आपोआप येत नाही.

तर मग मी मुलांना त्यांच्याच तालुक्यात फिरवलं, वर्गात बसून. १६५९ च्या जून महिन्यात विजापूरहून मावळातल्या देशमुखांना फर्मानं आली, की खानाला येऊन मिळा. रोहिड खोऱ्याच्या देशमुखीत दोन घराणी, कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. दोन्ही गावं भोर तालुक्यात, वर्गातल्या कुणाकुणाची पाहुण्यांची गावं. दोन्ही घराणी मराठा, दोन्ही हिंदू, दोघांचंही वतन आदिलशाहीनं मान्य केलेलं. कान्होजी जेधे फर्मान घेऊन मुलांसह महाराजांकडे गेले, वतनावर पाणी सोडलं आणि स्वराज्यात राहिले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. पुढे खंडोजी सापडले तेव्हा कान्होजींच्या शब्दाखातर त्यांचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला, असं परंपरा सांगते.

आता खानाच्या भेटीला महाराजांबरोबर गेलेल्या दहा जणांत एक सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. मुलं गप्प झाली. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, मग भांडण कशाचं होतं?" मला वाटतं, त्या वर्षीचा तो सगळ्यात चांगला प्रश्न. वतनाचं, राज्याचं, कुणाचा हुकूम मानायचा त्याचं. खोपड्यांच्या गावच्या एका मुलीनं मात्र तोंड पाडलं. तिला म्हटलं, पोरी, साडेतीनशे वर्षांपूर्वी कोण कुठे उभा होता, त्याचा हिशेब आज तुझ्याकडून कोणी मागायचा नाही. हे बोलताना मी तिच्याकडे बघत होतो, पण ऐकायला दुसरंच एक पोरगं हवं होतं. त्यानं ऐकलं असावं.

उर्दूचं राहिलं. पाकिस्तानात उर्दू ही राष्ट्रभाषा आहे हे खरं, पण ती मायबोली असलेले लोक तिथे शंभरात दहासुद्धा नाहीत. घरात पंजाबी, पश्तो, सिंधी, सराईकी, बलुची. ही चूक एकटे हिंदू पोरं करत नाहीत. आमच्या मोहल्ल्यातही उर्दू म्हणजे तिकडची थोर भाषा आणि आपण बोलतो ती बिघडलेली, असं मानणारे आहेत. अरे, तुम्ही घरात 'नक्को' म्हणता आणि बोलण्याला 'च' लावता, ते लाहोरात कुणाला कळेल? ती आपली दखनी आहे, मराठीच्या मांडीवर वाढलेली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं 'किताब-ए-नौरस' याच दखनीत लिहिलं आणि त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. हा चौथीतल्या त्याच आदिलशाहीचा सुलतान, पण मुलांची आणि त्याची गाठ पडत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग माझ्या लक्षात आलं की मी फक्त वजाबाकी करतोय. पाकिस्तान तेव्हा नव्हता, खान तिथला नव्हता, उर्दू तिथली नव्हती. मग तिथे होतं काय? त्या जमिनीशी आपलं काही नातं होतं की नाही? उत्तर भोरपासून एस.टी.नं अर्ध्या तासाच्या आत उभं होतं आणि इतकी वर्षं मी त्यावरून ये-जा करत होतो.

भाटघरचं धरण. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, पण जुन्या कागदात ते लॉइड धरण. जॉर्ज लॉइड १९१८ ते १९२३ मुंबईचे गव्हर्नर होते. वेळवंडी नदीवर आधीचं एक लहान धरण होतं, त्याच्या खाली हे मोठं झालं, १९२८ मध्ये. आता सिंधमध्ये सिंधू नदीवर सक्खरला एक प्रचंड बांध आहे. ६६ दरवाजे, सात कालवे, लाखो एकर भिजतात, सिंधची शेती त्यावर उभी आहे. त्याचं काम १९२३ मध्ये सुरू झालं आणि १९३२ मध्ये तो खुला झाला. त्याचं मूळ नाव लॉइड बॅरेज. तोच लॉइड. कारण सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत. भाटघरची भिंत आणि सक्खरचा बांध ही एकाच सरकारच्या बांधकाम खात्याची कामं, काही वर्षं तर एकाच वेळी चाललेली. त्याच खात्यात त्याआधी विश्वेश्वरय्या होते. पुण्यात शिकलेला हा तरुण इंजिनिअर १८९४ च्या सुमारास सक्खरच्या पाणीपुरवठ्याचं काम करून आला आणि पुढे नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत त्यानंच बसवली.

भाटघरचं पाणी खाली बारामती-इंदापूरकडे गेलं आणि भोरच्या वाट्याला बुडालेली गावं जास्त आली, हे दुखणं वेगळं. त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन.

एकदा हा धागा हाती आल्यावर तो सुटेना. सहावीत मुलं मोहेंजोदडो शिकतात, सिंधमधलंच ते. त्याचा शोध लागला तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाची कचेरी पुण्यात होती. राखालदास बॅनर्जी त्या कचेरीचे प्रमुख, त्यांनी १९२२ मध्ये तिथे खोदायला घेतलं. पण त्यांच्या दहा वर्षं आधी आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथे जाऊन आले होते. टेकाड बघितलं, विटा बघितल्या, आणि हे फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं असेल असं लिहून परत आले. पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर पायाखाली होतं! हे सांगितल्यावर वर्ग खूश झाला. एवढा मोठा माणूस चुकला म्हणजे आपल्या कागदांचं काय घेऊन बसलात, असा एकूण सूर.

आणि शिक्षक म्हणून मला सगळ्यात भावलेली गोष्ट कराचीची. तिथे नारायण जगन्नाथ हायस्कूल आहे. १८५५ मध्ये सुरू झालेली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा. नाव नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याचं, मुंबई इलाख्यातून तिकडे गेलेला मराठी माणूस. पाकिस्तान झाल्यावरही नाव पुसलं नाही, शाळा आजही एनजेव्ही म्हणून ओळखली जाते. त्या शहरात मराठी बोलणारी काही हिंदू कुटुंबं अजून आहेत आणि ती गणपती बसवतात. पाकिस्तानात ३५ लाखांहून अधिक हिंदू राहतात, बहुतेक सिंधमध्येच. त्यांचं तिकडे सगळं सुखात चाललंय असं मी मुलांना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. वर्गात 'तिकडची' म्हणून बोट दाखवलं जाणारी पोरं तिकडेही असणार, एवढंच म्हणालो.

मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ज्यांना यायचं त्यांना घेऊन भाटघरला गेलो. सोबत जुन्या मुंबई इलाख्याच्या नकाशाची मोठी छायाप्रत होती. भिंतीजवळ सावली बघून ती पसरली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. वर कराची, सक्खर, खाली पुणे, सगळं एका रंगात. मुलं बोटं फिरवत होती. ज्याचा कागद मी ओळखला होता तो पोरगा गुडघ्यावर बसून बराच वेळ काहीतरी शोधत होता.

"सर, भोर कुठंय? त्याचा रंग वेगळा का?"

वेगळा असणारच. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. राजगड, तोरणा, रोहिडा सगळं त्यात, म्हणजे आजचं वेल्हंही बहुतेक त्यातच. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर इलाख्याच्या नकाशात ते बाहेरचंच.

तो हिशेब करत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "म्हणजे कराची पुण्याच्या सरकारात, आणि आपण नाही?"

"नाही."

"मग सर, बाहेरचे आपण सगळेच होतो की!"

मागून कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "ए भोर देशाच्या, सरक तिकडं, मला बघू दे." पोरगं हसत हसत सरकलं. मी नकाशाच्या कोपऱ्यावरचा दगड नीट केला, वारा सुटला होता.