मंद्राचं ओझं

1991 सालच्या चैत्रात सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या यात्रेत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मी बेस गिटार वाजवायचो. कार्यक्रम आटोपून वायरी गुंडाळत होतो, तेव्हा फेटा बांधलेले एक आजोबा स्टेजपाशी आले. म्हणाले, "पोरांनो, समदं बेस झालं बघा. पन तुजं ते लांबडं गिटार वाजत हुतं का न्हाई?"

श्लेष त्यांच्या मनात नव्हता, पण मला तो झोंबला. मी तर अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'बेस' लिहिलेलं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलं होतं. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस कॅसेटवर ऐकून ऐकून मी बोटांत उतरवला होता, आणि मैदानाच्या मागच्या कडेला त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. अ‍ॅम्प उसना होता, मुळात कीबोर्डसाठी घेतलेला. त्यात बारा इंची एकच स्पीकर. पुढची कित्येक वर्षं मी दोष त्या खोक्याला दिला. बेस अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास वाचायला लागलो तो त्याच रागातून, आणि वाचता वाचता लक्षात आलं की निम्मा दोष माझ्या हाताचा होता.

अडचण मुळातच आहे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला 41 वेळा कंप पावते. त्या स्वराच्या एका लाटेची हवेतली लांबी सव्वाआठ मीटर भरते. दोन मोटारी एकामागे एक लावाव्यात तेवढी. ती लाट ढकलायला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यात माणसाचा कान खालच्या स्वरांच्या बाबतीत जरा बहिराच. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. आवाज जितका हळू, तितके खालचे स्वर कानाला आणखी कमी ऐकू येतात. म्हणजे घरी शेजाऱ्यांना जपून बटणं जुळवायला बसलं, की हात आपोआप खालचे स्वर वाढवतो, आणि तीच बटणं स्टेजवर मोठ्या आवाजात सगळं गढूळ करून टाकतात. मी नेमकं हेच करत होतो.

हे दुखणं पहिल्यांदा जाणवलं ते डबल बेसवाल्यांना. माणसाहून उंच असं ते लाकडी वाद्य, पण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या फौजेपुढे त्याचा आवाज विरून जायचा. न्यू यॉर्कमधल्या एव्हरेट हल या पियानो आणि बेस वाजवणाऱ्या गृहस्थानं 1940च्या दशकात एक युक्ती काढली. डबल बेस जमिनीवर ज्या खुंटावर उभा राहतो, त्या खुंटातूनच वाद्याच्या पोटात आवाज टिपणारं यंत्र बसवायचं. 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढवणारा खुंट. त्याचाच संक्षेप होऊन 'अ‍ॅम्पेग' हे नाव तयार झालं आणि 1949 मध्ये ते कंपनीच्या पाटीवर चढलं.

तिकडे कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यांकडे वळलेला लिओ फेंडर वेगळ्या वाटेनं त्याच प्रश्नाशी आला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. 1951 मध्ये त्यानं 'प्रिसिजन बेस' बाजारात आणलं, गळ्यात अडकवून वाजवता येणारं. पण नुसतं वाद्य विकून भागणार नव्हतं, कारण भरीव लाकडाच्या या वाद्याला स्वतःचा आवाजच नव्हता आणि गिटारच्या अ‍ॅम्पमधल्या स्पीकरला हे खालचे स्वर सोसवत नव्हते. म्हणून 1952 मध्ये 'बेसमन' आला. पंधरा इंची एक स्पीकर, ताकद 26 वॅट. आज हा आकडा वाचून हसू येईल, पण त्या काळच्या नृत्यगृहात तो पुरत असे.

पुढे बेसमनमध्ये दहा इंची चार स्पीकर आले, ताकद वाढली, आणि गंमत म्हणजे तो गिटारवाल्यांनीच पळवला. ताण पडला की त्याचा आवाज जरा फाटायचा. गिटारला तो फाटका आवाज फार गोड लागला. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं 1962 मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीनं बेसमनचीच मांडणी जवळजवळ जशीच्या तशी उचलून स्वतःचा पहिला अ‍ॅम्प बनवला. रॉक गिटारच्या गडगडाटाचं जे मोठं घराणं पुढे नावारूपाला आलं, त्याचा मूळपुरुष हा असा बेसचा अ‍ॅम्प आहे. बेसवाले मात्र जिथल्या तिथे.

हल या सगळ्यापासून फटकून राहिला. त्याला जॅझ प्रिय, रॉक अँड रोलचा तिटकारा, आणि फाटका आवाज तर मुळीच खपत नसे. त्याच्याकडच्या जेस ऑलिव्हरनं 1960 मध्ये 'बी-15' बनवला. पंधरा इंची स्पीकर, 25 वॅट, आणि काम झालं की अ‍ॅम्पचा वरचा भाग उलटा होऊन खोक्याच्या पोटात जायचा. अनेक बेसवाल्यांचं मत आहे की याहून गोड आवाजाचा बेस अ‍ॅम्प झालाच नाही. मला हे पटतं, पण एक अट घालून: खोली लहान हवी. मोटाउनच्या तबकड्यांवर जेम्स जेमर्सनचा बेस ऐकून ज्यांना बी-15 हवासा वाटतो, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओत त्याचं वाद्य बहुतेक वेळा सरळ रेकॉर्डिंगच्या टेबलाला जोडलेलं असे. हा अ‍ॅम्प तो क्लबात वापरी. कॅसेटवरचा बेस यात्रेच्या मैदानात शोधण्याचा वेडेपणा माझा एकट्याचा नव्हता तर.

आणि खोल्या लहान राहिल्याच नाहीत. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला 55,600 माणसं जमली. व्हॉक्स कंपनीनं त्यांच्यासाठी 100 वॅटचे अ‍ॅम्प दिले होते. आजच्यासारखी प्रत्येक वाद्याचा आवाज मैदानभर नेणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. वाद्याचा अ‍ॅम्प हीच त्याची सगळी भिस्त. किंकाळ्यांपुढे त्या शंभर वॅटांचं काही चाललं नाही. वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना.

हलनं कंपनी 1967 मध्ये विकली, आणि दोनच वर्षांत तिथूनच जे यंत्र बाहेर पडलं ते त्याच्या आवडीच्या अगदी उलट्या टोकाचं होतं. 'एसव्हीटी': 300 वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसत्या वरच्या खोक्याचं वजन चाळीस किलोच्या घरात. त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट, तेही एक नव्हे तर दोन, कारण एका कपाटाला तेवढी ताकद झेपत नसे. रोलिंग स्टोन्सनी 1969च्या अमेरिका दौऱ्यात याचे सुरुवातीचे नमुने वापरले, आणि मोठ्या मैदानात बेस ऐकवायचा तर तो असा, हे ठरून गेलं.

इथे मी कागद घेऊन हिशेब मांडला. 26 वॅटांपासून 300 वॅटांपर्यंत ताकद साडेअकरा पट वाढली. पण कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद सुमारे दहा पट लागते. म्हणजे सतरा वर्षांत, नुसते वॅट धरले तर, बेस जेमतेम दुप्पट मोठा झाला. बाकीची करामत स्पीकरांच्या संख्येची: जास्त पडदे, जास्त हवा. अ‍ॅम्प घेताना नवे वादक वॅटांचा आकडा विचारतात. दुकानदारही तोच सांगतो. दोनशेचा सोडून चारशेचा घेतला तर फरक तीन डेसिबलचा, म्हणजे लक्ष दिलं तर कळेल इतकाच. त्याच पैशात दुसरं स्पीकरचं खोकं घेतलेलं बरं.

याहून मोठा धक्का पुढेच होता. आठ स्पीकरांच्या त्या दंतकथा झालेल्या कपाटाच्या अलीकडच्या आवृत्तीचं माहितीपत्रक मी पाहिलं. ते 58 हर्ट्झच्या खाली उतरू लागतं आणि 40 हर्ट्झपाशी दहा डेसिबलनं खचलेलं असतं. जगातला सर्वांत दणदणीत बेस म्हणून ज्याची ख्याती, ते कपाट बेसचा सर्वांत खालचा स्वर पूर्ण वाजवतच नाही! तो स्वर आपण ऐकतो कसा, तर त्याचे वरचे अंश, 82, 123, 164 हर्ट्झचे, स्पष्ट ऐकू येतात आणि मेंदू खालचा पाया स्वतः भरून घेतो. तानपुऱ्याचा खर्ज छोट्या ट्रान्झिस्टरवरही ओळखू येतो, तो याचमुळे. साताऱ्याच्या त्या मैदानात मी नेमके हेच वरचे अंश कमी ठेवून, जो स्वर त्या बारा इंची स्पीकरच्या आवाक्यातच नव्हता, त्याच्यामागे सगळी ताकद घालवत होतो. थरथरत होत्या त्या फक्त फळ्या.

1970च्या दशकात मैदानभर आवाज नेण्याचं काम हळूहळू स्वतंत्र ध्वनिव्यवस्थेकडे गेलं आणि बेसच्या अ‍ॅम्पचा व्यवसायच बदलला. आता तो प्रेक्षकांसाठी फार कमी वाजतो. तो वाजतो वादकासाठी आणि ड्रमवाल्यासाठी. माझा आजचा अ‍ॅम्प अडीच किलोचा, 500 वॅटचा, खांद्याच्या पिशवीत मावतो. एसव्हीटी दोन जिने चढवलेल्या माणसालाच या वाक्याची किंमत कळेल.

त्यामुळे बटणं लावण्याची माझी रीतही बदलली. सगळी मधोमध ठेवून सुरुवात करतो, तीही एकट्यानं नव्हे, ड्रमबरोबर. बेस गढूळ वाटला तर आधी खालचं बटण थोडं कमी करतो आणि 400 ते 800 हर्ट्झच्या मधला पट्टा किंचित वर घेतो. एकट्यानं ऐकलं तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा लागतो, सगळे वाजू लागले की बरोबर बसतो. 40 हर्ट्झच्या खालचा कचरा गाळणारं बटण असेल तर ते चालू. अ‍ॅम्प भिंतीच्या कोपऱ्यात ठेवत नाही, कारण कोपरा न मागता खालचे स्वर फुगवतो. साउंडवाल्याकडे जाणारी वायर माझ्या बटणांच्या आधीच्या जागेवरून देतो, म्हणजे माझ्या कानासाठी केलेले फेरफार त्याच्या गळ्यात पडत नाहीत.

आणि अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता मंडपवाल्याकडून एक खुर्ची मागून तिच्यावर चढवतो, तोंड माझ्या कानाकडे. गुडघ्यांना बेस ऐकवून उपयोग नसतो. गेल्या गणपतीत एका मंडळाच्या पोरानं ती खुर्ची दोनदा उचलून नेली, पाहुण्यांसाठी हवी म्हणून. तिसऱ्यांदा मी त्याला थांबवून शेजारी उभं केलं, मधला पट्टा आधी खाली घेतला, मग वर, आणि विचारलं, "कधी वाजतंय?" तो म्हणाला, "आत्ता." खुर्ची मग तिथेच राहिली.