वनराज भाटिया: सिम्फनी शिकलेला संगीतकार जिंगल का करत राहिला?

वनराज भाटिया हे नाव माहीत नसलं तरी त्यांचं संगीत तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता खूप आहे. लिरिल साबणाची जाहिरात, ‘मंथन’मधलं प्रीती सागर यांनी गायलेलं गाणं, ‘जाने भी दो यारों’, दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’ हे सगळं त्यांचंच. मात्र ते ज्यासाठी शिकले होते, ते संगीत आपल्यापैकी फार कमी जणांच्या कानावर पडलं आहे.

शिक्षण कुठे झालं?

३१ मे १९२७ रोजी मुंबईत, कच्छी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. न्यू इरा शाळेत हिंदुस्थानी संगीत कानावर पडत होतं. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्सर्टो ऐकला आणि ओढ बदलली. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए. केल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. तिथून पॅरिसला, नादिया बुलांजे यांच्याकडे. विसाव्या शतकातले कितीतरी मोठे संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेले. त्यांतला एक अमेरिकेचा फिलिप ग्लास. त्याने गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा लिहिला, तो १९८० मध्ये रॉटरडॅमला रंगमंचावर आला. पुढे १९९६ मध्ये, गांधीजींच्या त्याच वर्षांवरच्या श्याम बेनेगल यांच्या ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’ला भाटियांनी संगीत दिलं. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर असलेल्या आम्हा वर्धेकरांना हा योगायोग माहीत असायला हरकत नाही.

मग अडचण काय होती?

इथे दोन संगीतपद्धतींतला फरक समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे बंदिश गुरूकडून शिष्याकडे जाते, गायक ती मैफलीत फुलवतो. सोबतीला तानपुरा आणि तबला असला की भागतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार प्रत्येक वाद्याने कुठला सूर, किती वेळ, किती जोरात वाजवायचा ते कागदावर लिहितो. एकाच वेळी अनेक स्वररेषा चालतात. ‘फ्यूग’ या प्रकारात एक आवाज धून मांडतो, ती पूर्ण झाली की दुसरा आवाज तीच धून वेगळ्या पट्टीत उचलतो आणि पहिला आवाज त्याच वेळी पुढे चालू राहतो, मग तिसरा. हे वाजवायला तयारीचे वादक लागतात, ऑर्केस्ट्रासाठी तर साठ-सत्तर. ते नसतील तर रचना कागदावरच राहते.

भाटिया १९५९ मध्ये परतले तेव्हा मुंबईत पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा नव्हता. एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांनी एकोणऐंशी ओलांडलेली. तुलनेसाठी फिनलंड बघा. लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या विदर्भाच्या जेमतेम पाव. पण लाहती, ओउलू, कुओपिओसारख्या लहान शहरांतही व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहेत आणि त्यांना सरकारी पैसा मिळतो. हेलसिंकीत जन्मलेल्या काइया सारिआहो (१९५२–२०२३) यांचा पहिला ऑपेरा २००० मध्ये साल्झबर्गला झाला, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोहोचला. प्रतिभेची तुलना मी करत नाहीये. लिहिलेलं वाजवणारं कुणी आहे का, एवढाच मुद्दा.

मग त्यांनी काय केलं?

जाहिराती. शक्ती सिल्क साड्यांपासून सुरुवात झाली आणि जिंगलची संख्या ७,०००च्या वर गेल्याचं सांगितलं जातं. मध्ये १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. १९७४ मध्ये बेनेगल यांनी ‘अंकुर’साठी बोलावलं, तेही जाहिरात क्षेत्रातूनच आलेले.

मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावा असा सिनेमा म्हणजे ‘भूमिका’ (१९७७). हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. नायिका जुन्या काळची नटी, त्यामुळे गाणीही त्या-त्या काळातली वाटायला हवी होती. पॅरिसहून शिकून आलेल्या माणसाने जुन्या बोलपटांचा बाज इतका नेमका पकडला की गाणी नवी आहेत हे विसरायला होतं. माझ्या मते हे त्यांचं चित्रपटांतलं सर्वात हुशारीचं काम. राष्ट्रीय पुरस्कार मात्र ‘तमस’ला मिळाला. १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमी, २०१२ मध्ये पद्मश्री.

अभिजात रचनांचं काय झालं?

ते लिहीत राहिले. पियानोसाठी ‘संगीत रात’ आणि ‘फँटेसिया अँड फ्यूग’, तंतुवाद्यांसाठी ‘सिन्फोनिया कॉन्सर्टान्ते’. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरून ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा रचला. त्याचे सुरुवातीचे अंक सादर झाले ते न्यूयॉर्कमध्ये. जानेवारी २०१९ मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ वाजवली. त्याच वर्षी, घरखर्चासाठी भाटियांना घरातली क्रॉकरी विकावी लागत असल्याच्या बातम्या आल्या आणि मदतीसाठी लोक पुढे आले. ७ मे २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

सुरुवात कुठून करावी?

‘भारत एक खोज’च्या शीर्षकसंगीतापासून. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आणि त्याचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद. इअरफोन लावून ऐका आणि या वेळी मुख्य चालीऐवजी खालच्या आवाजांकडे लक्ष द्या. शब्द वेदांतले, पण आवाजांची रचना लंडन-पॅरिसमध्ये शिकलेली आहे.