रोजनाम्यातून गळलेली नावे

शिरड शहापूर आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 पूर्वीच्या कागदांवर जिल्हा परभणी. इथल्या जमिनींचा इतिहास शोधणारा सातबारा पाहतो, दाव्याचा हुकूमनामाही पाहतो. रोजनामा मात्र सहसा राहून जातो. ‘प्रतिवादी क्र. 3 व 4 विरुद्ध दावा चालवायचा नाही’ एवढ्या पुरसिशीवर माणसे दाव्याबाहेर गेल्याची नोंद तिथेच असते.

ही तरतूद 1859 च्या दिवाणी संहितेत कलम 97, 1882 मध्ये कलम 373 आणि 1908 पासून आदेश 23, नियम 1 अशी चालत आली. निजामी मुलखात ही 1908 ची संहिता 1951 मध्ये लागू झाली. दावा सर्व किंवा काही प्रतिवादींपुरता सोडता येतो. पण न्यायालयाच्या परवानगीविना सोडला, तर त्याच विषयावर त्यांच्याविरुद्ध नवा दावा लावता येत नाही.

वाटणीच्या दाव्यात खरा पेच पडतो, कारण तिथे प्रतिवादीही हिस्सेदार असतो. महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले. ती अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. अशा बहिणीचे नाव वगळले, तर आवश्यक पक्षकाराअभावी दावाच कोसळू शकतो. वादीने अंग काढले, तरी 1976 च्या दुरुस्तीतील नियम 1अ प्रमाणे प्रतिवादीला वादी होण्याची परवानगी मागता येते.

म्हणून हुकूमनाम्यावरून वंशावळ मांडण्याआधी मूळ दाव्यातील प्रतिवादींची यादी रोजनाम्याशी ताडून पाहावी. गळलेली नावे बहुधा बहिणींची निघतात का, हे गावोगाव तपासण्याजोगे आहे.